इराणी ‘नवरीचं कडं’: फोटोत झकास, कार्डावरची गोष्ट मात्र थाप

भाचीच्या रिसेप्शनसाठी ऑनलाइन मागवलं. पितळेवर सोन्याचा मुलामा. मूळ कडं अकराव्या शतकातल्या इराणचं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ठेवलेलं.

माहेरी सोनारकाम, त्यामुळे माझी नजर आधी किळीकडे, म्हणजे कडं बंद करायच्या खिळीकडे गेली. तिच्या दोन्ही अंगांना मिळून चार अर्धगोल, ते बरोबर उतरलेत. मूळ कड्यात या अर्धगोलांच्या तळाला पातळ सोन्याची चकती आहे. बगदादच्या अब्बासी घराण्यातला खलिफा अल-कादिर याच्या नाण्यावर दाबून तिच्यावर त्याचं नाव उठवलंय. तो ९९१ ते १०३१ गादीवर होता, म्हणून कड्याचा काळ सांगता येतो. नकलेत त्या जागी अक्षरांऐवजी मुंग्यांची रांग! मूळ काम पत्रा, पिळाची तार आणि रव्याचं, म्हणजे सोन्याच्या बारीक दाण्यांचं. हे सरळ ओतीव, सगळे रवे एकमेकांत लिंपलेले.

सोबतच्या कार्डावर ‘पर्शियन राणीचा विवाहालंकार’. कोणती राणी, बाई? कड्यावर नाव आहे ते खलिफाचं. आणि खरी गोष्ट याहून भारी असताना थापा कशाला? १०८७ साली इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक घराण्यातल्या सुलतान मलिकशाहची मुलगी खलिफा अल-मुक्तदीला दिली, तेव्हा तिचं रुखवत १३० उंट आणि ७४ खेचरांवर लादून बगदादच्या राजवाड्यात नेलं, असं इब्न अल-असीर या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. त्यात जडजवाहिराने भरलेल्या चांदीच्या १२ पेट्या. एवढा डामडौल सुलतानाच्याच घरी. पण मेहेर सगळ्यांनाच ठरवावी लागे. नवऱ्याने बायकोला द्यायची ही रक्कम निकाहाच्या करारात लिहीत, बऱ्याचदा दीनारांत, म्हणजे सोन्याच्या नाण्यांत. थोडी लगेच, उरलेली तलाक झाला किंवा नवरा गेला तर. ती तिची स्वतःची, आपल्याकडच्या स्त्रीधनासारखी. असं सोनं नड आली की मोडायचं, मुशीत जायचं. त्या काळचे दागिने इतके थोडे उरलेत, त्याचं हे एक कारण. इराणात आजही मेहेर बहुधा सोन्याच्या नाण्यांतच बोलतात.

या कड्याला मोड शून्य, हे सांगायला नकोच. वजन छान लागतं, रात्रीच्या दिव्यांत रंगही खरा वाटतो. कीळ सैल होती, मी आतून रेशमी दोरा बांधून दिला. पैठणीवर घालणार असाल तर जपून, कडेचे रवे जरीत अडकतात. पाचपैकी तीन तारे. किंमत निम्मी असती तर चार दिले असते.