वाकडमधील भाडेघर एजन्सी : व्यवहार चोख, पण नाव ऐकून घर नाकारणारी

गेल्या जूनमध्ये कार्यालयातील एका सहकाऱ्यासाठी घर शोधताना मी त्याला पुण्याजवळच्या वाकडमधील एका एजन्सीकडे घेऊन गेलो. चार वर्षांपूर्वी मला घर मिळवून दिले ते याच मंडळींनी, आणि तेव्हा तक्रारीला काही जागा नव्हती. सहकारी मूळचा मिरजेचा आहे, मुसलमान आहे, आणि हिंजवडीत माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो.

एजन्सीचे काम आजही नेटके आहे. फोटोत दिसते तेच घर प्रत्यक्षात दाखवतात, दलालीचा आकडा आधीच सांगतात, आणि लिव्ह अँड लायसन्स कराराच्या नोंदणीसाठी माणूस घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेऊन जातो. पोलीस पडताळणीचा अर्जही तेच भरून देतात.

त्या दिवशी दाखवलेला दोन बेडरूमचा फ्लॅट सहकाऱ्याला पाहताक्षणी आवडला. आईची खाट खिडकीखाली मावेल का, हे तो वितीने मोजून पाहत होता. टोकनची रक्कम घेण्यासाठी एजंटने मोबाइल काढला, पूर्ण नाव विचारले, आणि नाव ऐकताच त्याचा अंगठा स्क्रीनवर थांबला. मालकाशी बोलतो म्हणून तो जिन्यात गेला आणि परत येऊन म्हणाला, "सोसायटीत व्हेज फॅमिलीच लागते, सर." घरात मांसाहार शिजणार नाही असे लेखी द्यायची सहकाऱ्याने तयारी दाखवली. त्यावर एजंट त्याच्याकडे न पाहता मला म्हणाला, "साहेब, तुम्हाला हवा असेल तर आजच देतो. यांच्यासाठी आपण कोंढव्यात बघू." मी आठवड्यातून दोनदा मासे खातो. चार वर्षांपूर्वी मला घर देताना मी काय खातो, हे याच एजन्सीत कोणी विचारले नव्हते. मोठी मुसलमान वस्ती असलेला कोंढवा तर हिंजवडीपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

एजन्सीच्या चालकांना मी नंतर भेटलो. घर मालकाचे, अट मालकाची, आपण फक्त निरोप पोहोचवतो, असे त्यांचे म्हणणे होते. कायद्यातील पळवाट त्यांना पक्की ठाऊक आहे. संविधानाचा अनुच्छेद 15 दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांच्या बाबतीत धर्मावरून मज्जाव करू देत नाही, पण त्या यादीत भाड्याचे घर नाही. आणि अहमदाबादमधील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा नियम ग्राह्य धरला. मुसलमानांना भाड्याने वा विकत घर मिळताना अडचणी येतात, याची नोंद मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी सच्चर समितीने 2006 मध्येच केली होती. अमेरिकेत 1968 च्या कायद्याने वंश, वर्ण आणि धर्म यांवरून घर नाकारण्यास बंदी घातली. तिथे स्वतःचे एखादे घर स्वतःच भाड्याने देणाऱ्या मालकाला काही सूट ठेवली आहे, पण व्यवहारात दलाल आला की ती सूट उरत नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण भेदभावाला धंद्याची शिस्त येते ती दलालामुळे. एका मालकाचा आकस त्याच्या एका फ्लॅटपुरता असतो. एजन्सी मात्र तोच आकस अर्जातला रकाना करून ठेवते. या एजन्सीच्या अर्जात भाडेकरूच्या पगाराआधी 'कम्युनिटी' विचारलेली आहे.

तो रकाना काढून टाका, एवढेच मी मागितले. काढला तर मालक पुढच्या दुकानात जातील, असे उत्तर मिळाले. ही भीती खोटी नसेलही, पण त्या भीतीची किंमत माझ्या सहकाऱ्याने दोन महिने लॉजवर राहून मोजली. अखेर त्याला पिंपरीत घर मिळाले, तेही ओळखीतून, थेट मालकिणीकडून. तिने पॅन कार्ड पाहिले, अनामत घेतली आणि पाणी किती वाजता येते ते सांगितले.

माझा स्वतःचा करार नोव्हेंबरमध्ये संपतो आहे. त्याचे नूतनीकरण मी या एजन्सीकडून करून घेणार नाही, आणि त्याचे कारण त्यांना लेखी कळवले आहे.