व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी: गोव्यातल्या सोसायटीला कितपत उपयोगी?

गुण: ५ पैकी साडेतीन. साठ-सत्तर फ्लॅटची सोसायटी असेल तर व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘कम्युनिटी’ जरूर सुरू करावी. फुकट आहे आणि नवं काही शिकावं लागत नाही. दीड गुण कापलाय तो एकाच कारणासाठी: कम्युनिटीत नाव घातलं म्हणजे शेजाऱ्याची ओळख होत नाही. ती करून द्यायची व्यवस्था सोसायटीलाच लावावी लागते, आणि पहिली मांडणी चुकली की दोन महिन्यांत सगळे ग्रुप म्यूट होतात.

पर्वरी, ताळगाव, चिखली इथल्या इमारतींत आज कोण राहतं ते बघा. पेडणे-सत्तरीहून नोकरीसाठी आलेली कुटुंबं, सासष्टीतलं घर मुलांवर सोपवून आलेले आजी-आजोबा, कर्नाटकातून आलेले भाडेकरू, आणि दिल्ली-मुंबईच्या मालकांचे वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असलेले फ्लॅट. वाड्यावर चवथ (गणेशचतुर्थी), फेस्त (चर्चचा सण), विहीर, पोदेराची म्हणजे पाववाल्याची हाक यांनीच माणसं एकमेकांच्या दारी जायची. लिफ्टमध्ये तसं काही घडत नाही.

२०२२च्या नोव्हेंबरपासून कम्युनिटीची सोय सगळ्यांना मिळाली. एका छत्राखाली अनेक ग्रुप ठेवता येतात, आणि सगळ्यांत वर एक ‘अनाउन्समेंट’ म्हणजे सूचनांचा ग्रुप असतो. तिथे पोस्ट फक्त अ‍ॅडमिन टाकतात आणि २,००० माणसं मावतात. साध्या ग्रुपची मर्यादा १,०२४ आहे, तीही सोसायटीला कधी आड येत नाही. खरा फायदा संख्येचा नाही. ‘उद्या टाकी धुणार, ९ ते १ पाणी बंद’ हा निरोप सुप्रभातच्या चित्रांखाली गाडला जात नाही, हा फायदा.

ग्रुप मोजके ठेवा. वर सूचना, खाली तीन: ‘तातडी’, ‘देणं-घेणं’ आणि ‘सण’. ‘तातडी’त गेलेली वीज, पार्किंगमध्ये शिरलेला साप, रात्री अचानक गरज पडलेली गाडी एवढंच. ‘देणं-घेणं’त शिडी, ड्रिल, कामवालीचा पत्ता आणि पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. पाडेली एका माडासाठी यायला कुरकुरतो, पण आवारातले सगळे माड एका सकाळी उतरवायचे म्हटलं की येतो. गप्पांसाठी वेगळा ग्रुप हवाच असेल तर त्यात मेसेज ७ दिवसांनी आपोआप जाणारे ठेवा; २४ तास आणि ९० दिवस असेही पर्याय आहेत. सूचनांच्या ग्रुपला मात्र हे लावू नका, मागची नोटीस शोधावी लागते.

आता ओळखीचं. ज्यांचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही, ते ग्रुपमध्ये नंबर आणि त्यापुढे त्यांनीच ठेवलेलं नाव असे दिसतात. नाव ‘एस’ असेल तर तो पार्सेकर की सिक्वेरा, कुणाला कळणार? म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाकडून एक ठरलेला निरोप घ्यावा. असा: ‘बी-२०३, सावंत. भाड्यानं राहतो. घरी आई आणि दोन मुलं. घुमट वाजवता येतं. रात्री गाडीची गरज पडली तर दार वाजवा.’ फ्लॅट नंबर, घरी कोण, आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं, कारण हाक मारायला निमित्त त्यातूनच मिळतं. आजी-आजोबांना टाइप करायला लावू नका. कोंकणीत, मराठीत, जमेल त्या भाषेत व्हॉइस मेसेज पाठवू द्या. या सगळ्याची एक यादी करून ती पिन करा. एका ग्रुपमध्ये तीनच मेसेज पिन होतात आणि तेही जास्तीत जास्त ३० दिवस, तेव्हा दर महिन्याला पुन्हा पिन करायचं काम कुणा एकाकडे सोपवलेलं असावं. यादीची छापील प्रत वॉचमनकडे हवीच. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क एकदमच जातं, आणि नेमकी तेव्हाच ती लागते.

सर्रास होणारी आणि खरोखर दुखावणारी चूक म्हणजे ‘फक्त मालक’ असा ग्रुप. देखभालीच्या खर्चाची चर्चा मालकांपुरती ठेवा, ते रास्त आहे. पण जिन्यात रोज भेटतो तो भाडेकरू. शेजारच्या बाई चक्कर येऊन पडल्या तर धावणारही तोच, दिल्लीतला मालक नव्हे. करार ११ महिन्यांचा आहे म्हणून त्याला बाहेर ठेवणं अन्यायाचं आहे आणि सोसायटीच्या तोट्याचंही. उलट लांबच्या मालकांना सूचनांचा ग्रुप पुरतो. घर सोडलेल्यांची नावं काढायचं काम करारांच्या तारखा बघून करावं, नाहीतर गेटचा कोड जुन्या माणसांकडेही जात राहतो.

नंबर कुणाला दिसतात, हे आधी सांगा. सूचनांच्या ग्रुपमध्ये इतर सदस्यांना तुमचा नंबर दिसत नाही, अ‍ॅडमिनना दिसतो. खालच्या ग्रुपमध्ये शिरलात की त्या ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतो. एकट्या राहणाऱ्या मुलींना हे न विचारता खालच्या ग्रुपमध्ये ओढू नये.

पोल ही सोय मला सगळ्यांत आवडते. १२ पर्याय देता येतात. चवथीला कोणाच्या घरी किती वाजता आरती, हा दरवर्षीचा गोंधळ एका पोलमध्ये सुटतो: संध्याकाळी सातपासून अर्ध्या-अर्ध्या तासाचे पर्याय टाका आणि ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हे बटण आधी बंद करा, नाहीतर एकच घर चार वेळा अडवून बसतं. कुणी काय निवडलं ते सर्वांना दिसतं, त्यामुळे घुमटवाल्यांना कुठून कुठे जायचं याचा क्रम आपोआप तयार होतो. ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही त्या वेळा कळतात आणि ते माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) बघायला येतात. नाताळात गोठा (येशूजन्माचा देखावा) करायला मुलं गोळा करताना हाच पोल उलट्या बाजूनं चालतो. पण नावं दिसतात म्हणूनच समितीची निवडणूक किंवा कुणाविरुद्धची तक्रार पोलवर कधीही घेऊ नये. वार्षिक सभेची नोटीसही पोटनियमांत सांगितली असेल त्याच पद्धतीनं द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरची ती केवळ आठवण.

‘इव्हेंट’ची सोयही चांगली: तारीख, वेळ, जागा टाकली की कोण येणार ते कळतं. पहिली भेट साधी ठेवा. रविवारी संध्याकाळी पाच, पार्किंगमध्ये खुर्च्या, चहा आणि पोदेराकडून आणलेले उंडे (गोल पाव). ४० माणसांनी ‘येतो’ म्हटलं तरी सगळी येत नाहीत, म्हणून उंडे आकड्यापेक्षा थोडे कमीच सांगावेत. भाषणं नकोत. प्रत्येकानं फ्लॅट नंबर आणि नाव मोठ्यानं सांगितलं तरी बास, मग मुलं बाकीचं करतात.

गेटवरची नोंद ठेवणारी पैसे भरून घ्यायची अ‍ॅपही आहेत. पाहुण्यांची नोंद, देखभालीची बिलं, पावत्या यांत ती सरस. शंभराच्या वर फ्लॅट असतील तर दोन्ही वापरावं. वीस-पंचवीस घरांच्या इमारतीला मात्र कम्युनिटीही जास्त होते. एक ग्रुप आणि जिन्यातला फळा पुरे.

आत घेण्यासाठी क्यूआर कोड छापून लिफ्टपाशी लावणार असाल तर त्याआधी ‘नवीन सदस्यांना अ‍ॅडमिनची मंजुरी’ चालू करा. तो कागद कुरिअरवाल्यापासून दलालापर्यंत सगळ्यांना दिसतो, आणि कुणीही त्याचा फोटो काढू शकतो. आठवड्याभरात बहुतेक घरं आत आली की कागद काढा आणि लिंक रीसेट करा, म्हणजे जुना कोड चालत नाही. राहिलेल्यांकडे समितीतल्या कुणीतरी दार वाजवून जावं.