अठरा ओलांडलेल्या मुलाचं अनुदान: अंगठ्याचं खातं की पालकत्वाचं?

दिव्यांग मूल अठराचं झालं की कायद्याच्या लेखी तो स्वतंत्र माणूस. घरात भरवणं, आंघोळ, औषधं सगळं आपल्याकडेच, पण बँकेत आपली सही चालत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये. ते खातं कोणत्या पद्धतीचं ठेवावं, हे आमच्या चोपडा-यावल भागातले आई-बाप नेहमी विचारतात. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत, म्हणून लिहितो.

मुलाच्या नावाचं, त्याच्याच अंगठ्यावर चालणारं साधं खातं सोपं आहे. कागद थोडे लागतात, पैसे गावातल्या बँकेच्या केंद्रावर यंत्राला अंगठा लावून निघतात, तालुक्याला जाऊन मजुरी बुडत नाही. मुलाला पैशाचा व्यवहार समजत असेल आणि हात चालत असतील तर माझ्या मते हेच खातं ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वतःचा पैसा सांभाळायचा हक्क त्याला दिलेला आहे. आपल्या सोयीसाठी तो काढून घेणं बरं नाही.

आमचं अडलं ते मुठीपाशी. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, व्यवहारही समजत नाही. मूठ घट्ट मिटलेली असते आणि कुणी घाई केली, आवाज चढवला की आणखी आवळते. एकेक बोट सोडवायचं, ओल्या फडक्याने अंगठा पुसायचा, यंत्राच्या काचेवर टेकवायचा, तोवर मनगट वळलेलं असतं. केंद्रवाला म्हणतो, “नाना, अंगठा लागत नाही, परत ठेवा.” मे महिन्याचं ऊन, वर पत्रा, मागे रांग. लोक भले आहेत, पुढे जागा करून देतात, पण सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर असतात. त्याला बोलता येत नसलं तरी हे कळतं, तो मान फिरवून घेतो. त्याच्याच पैशासाठी त्याला दर वेळी हे सोसावं लागणं मला पटेना. बाकी सगळे फायदे-तोटे नंतरचे, माझं मन इथेच फिरलं.

दोघांच्या नावाचं खातं काढा, असं काहीजण सुचवतात. मुलाला करार समजत नसेल तर बँक सहसा तयार होत नाही. झालीच तर माझे दुधाचे पैसे आणि त्याचं अनुदान एकत्र होणार. त्या वाटेला मी गेलो नाही.

राहिलं पालकत्वाचं खातं. त्यासाठी आधी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ प्रमाणे मुलाचा कायदेशीर पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांनाच लागू होतो. नुसतं अंधत्व किंवा नुसता मानसिक आजार यात बसत नाही. आई-वडिलांनी मिळून अर्ज करायचा, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती घेते. समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायची असते, तेव्हा अर्ज देऊन आठवड्यात पालकत्वाचा दाखला मिळेल अशी आशा धरू नका.

दाखला आल्यावरही एका शाखेत “अशावर खातं निघत नाही” असं ऐकावं लागलं. असा दाखला बँकांनी ग्राह्य धरावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तिची प्रत अर्जाला जोडूनच द्या, बोलणं वाढत नाही. खातं मुलाच्याच नावाचं असतं, सही आपली. आधार नव्या खात्याला जोडायचा अर्जही त्याच दिवशी भरा, नाहीतर हप्ता जुन्याच खात्यात जात राहतो. नव्या खात्यात एक हप्ता दिसेपर्यंत जुनं बंद करू नका.

याचं ओझं म्हणजे हिशोब. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या नावावर काय काय आहे त्याची यादी द्यायची, आणि पुढे दरवर्षी मार्च संपला की तीन महिन्यांत जमाखर्च. ज्यांना कागदांचा कंटाळा आहे त्यांना हे जड जाईल, ते खरं आहे. आमच्याकडे त्याची आई वहीत लिहिते: डायपर, फिट्सच्या गोळ्या, फिजिओथेरपीला जायचं रिक्षाभाडं. वर्षअखेरीला तेच उतरवून काढतो.

प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, त्यामुळे मी आग्रह धरणार नाही. पण मूल उचलून न्यावं लागत असेल, तर पालकत्वाचा अर्ज आपले हातपाय चालताहेत तोवर देऊन ठेवावा. कायद्याप्रमाणे नातेवाईकही पालकत्वासाठी अर्ज करू शकतात. आमच्यामागे धाकटा मुलगा तो अर्ज करेल, तेव्हा मागचा सगळा जमाखर्च समितीकडे आधीच असेल. अंगठ्याच्या खात्यात त्याला पुन्हा मुठीपासूनच सुरुवात करावी लागली असती.