अल्टिमीटरचं कॅलिब्रेशन करायचंय: किनाऱ्यावरचा भरतीमापक, जीएनएसएस बोया, तळावरचं मूरिंग की ट्रान्सपाँडर?

जेसन मालिकेतले उपग्रह आणि सेंटिनेल-6 हे 1336 किमी उंचीवरून अल्टिमीटर नावाच्या रडारने समुद्राच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजतात. कक्षेच्या उंचीतून ते अंतर आणि वातावरणाच्या दुरुस्त्या वजा केल्या की समुद्राची उंची मिळते. जगाची सरासरी समुद्रपातळी सध्या वर्षाला 3 ते 4 मिमीने वाढते आहे. म्हणजे रडार किंवा रेडिओमीटर (हवेतली वाफ मोजणारं उपग्रहावरचं उपकरण) वर्षाला 1 मिमीने जरी सरकला, तरी वाढीच्या आकड्याचा पाव हिस्सा खोटा ठरतो. कॅलिब्रेशन लागतं ते यासाठी. ते करायच्या वाटा मात्र चार-पाच आहेत आणि त्यांची उत्तरं एकसारखी नसतात.

उपकरणांकडे वळण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला बायस हवा आहे की ड्रिफ्ट? बायस म्हणजे उपग्रहाची समुद्र-उंची खऱ्या उंचीपेक्षा एकूण किती वर किंवा खाली आहे. ड्रिफ्ट म्हणजे ती चूक काळानुसार किती बदलते आहे.

फक्त ड्रिफ्ट हवा असेल तर नवं केंद्र उभारू नका. जेसन कक्षेत एकच मार्ग 9.9 दिवसांनी परत येतो, म्हणजे वर्षाला साधारण 37 फेऱ्या. एका फेरीतला विखुरलेपणा 3 सेंमी धरला, तर 37 फेऱ्यांच्या सरासरीत अनिश्चितता 5 मिमीच्या आसपास उरते. वर्षाला 1 मिमीचा ड्रिफ्ट एका जागेवरून पकडायला कित्येक वर्षं जातात. त्यापेक्षा जगभरच्या बेटांवरचे आणि किनाऱ्यांवरचे भरतीमापक एकत्र घेऊन उपग्रहाशी ताडून पाहणं कितीतरी प्रभावी आहे. जेसनच्या आधीच्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाच्या रेडिओमीटरची 18 गिगाहर्ट्झ वाहिनी सरकत असल्याचा सुगावा 1990 च्या दशकात अशाच ताडणीतून लागला. या पद्धतीचं दुखणं एकच, ते म्हणजे जमिनीची उभी हालचाल. मापक ज्या धक्क्यावर बसवला आहे तो वर्षाला 2 मिमी खचत असेल, तर ते खचणं उपग्रहाच्या नावावर चढतं. म्हणून शेजारी कायमचा जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा आणि उंची काढणारा ग्राहक) असलेले मापक आधी निवडा. निरपेक्ष बायस मात्र या जाळ्यातून मिळत नाही.

दोन उपग्रहांमधला फरक काढायचा असेल तर टँडम उड्डाणासारखी दुसरी सोय नाही. सेंटिनेल-6 मायकेल फ्रायलिख डिसेंबर 2020 पासून एप्रिल 2022 पर्यंत जेसन-3 च्या सुमारे 30 सेकंद मागून त्याच मार्गावर उडत होता. 30 सेकंदांत समुद्र बदलत नाही, त्यामुळे दोघांतली तफावत मिलिमीटरच्या पातळीवर निघते. पण दोघांत सारखीच असलेली चूक त्यात दिसतच नाही. ती दिसायला जमिनीशी बांधलेलं केंद्र लागतं, आणि खरी निवड तिथेच करावी लागते.

किनाऱ्यावरचा भरतीमापक सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ. कॅलिफोर्नियाजवळचा हार्वेस्ट तेलफलाट 1992 पासून या कामाला वापरला गेला. कॉर्सिकाच्या सेनेटोसा इथे किनाऱ्यावरचे मापक आहेत. सरल-अल्टिका या भारत-फ्रान्सच्या उपग्रहासाठी भारतात लक्षद्वीपच्या कवरत्तीला केंद्र उभं राहिलं. मापकात रडारचा मापक घ्या. दाबमापकाला पाण्याची घनता आणि हवेचा दाब लागतो, त्याच्या तोंडावर शेवाळ आणि कालवं बसतात, आणि त्याचं शून्य हळूहळू सरकतं. रडार मापक पाण्याला शिवतच नाही, हे त्याचं बळ. पण त्याचा किरण धक्क्याच्या खांबावर आदळला तर विशिष्ट पातळीला वाचन अडकतं, म्हणून खालची जागा मोकळी ठेवा.

खरं कष्टाचं काम आहे उंचीच्या साखळीत. जीएनएसएस अँटेनाचा संदर्भबिंदू, त्याखालचा बेंचमार्क (उंची ठरवलेली पक्की खूण), तिथून लेव्हलिंगने मापकाच्या फ्लँजपर्यंत. ही साखळी 1-2 मिमीत बंद झाली पाहिजे आणि दरवर्षी पुन्हा मोजली पाहिजे. मापकाची स्वतःची चूक पाहण्यासाठी व्हॅन द कास्टील चाचणी करा. एका पूर्ण भरती-ओहोटीभर, शक्यतो उधाणाच्या दिवशी, दर 10-15 मिनिटांनी हाताच्या प्रोबने पातळी मोजायची आणि दोन वाचनांतला फरक आडव्या अक्षावर, पातळी उभ्या अक्षावर मांडायची. सरळ उभी रेघ आली तर मापक निर्दोष. रेघ तिरकी आली तर स्केलची चूक, लंबगोल आला तर घड्याळाची. घड्याळाला हलक्यात घेऊ नका. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या भरतीत पातळी 5 मीटरच्या घरात बदलते. अशा भरतीच्या मध्यावर पाणी मिनिटाला 2 सेंमी चढतं, म्हणजे एका मिनिटाची चूक अख्ख्या फेरीचं मोजमाप निकामी करते.

मापकाची मोठी मर्यादा अशी की उपग्रह किनाऱ्यावर नीट मोजत नाही. रडारचा ठसा काही किलोमीटर रुंद असतो, आणि रेडिओमीटरचं दमट हवेसाठीचं वाचन किनाऱ्यापासून 20-30 किमीपर्यंत जमिनीमुळे बिघडतं. मग तुलनेचा बिंदू समुद्रात 10 किमी किंवा आणखी आत सरकवावा लागतो. तिथे आणि धक्क्यावर जिऑइडची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या समपातळी पृष्ठभागाची, उंची वेगळी असते. सेनेटोसाला हा उतार किलोमीटरला सुमारे 6 सेंमी आहे. तो नकाशा जीएनएसएस लावलेल्या बोटीने किंवा कॅटामरानने मोजून घ्यावाच लागतो. ही पायरी गाळून जागतिक जिऑइड मॉडेल वापरलं, तर येणारा बायस उपग्रहाचा नसून मॉडेलचा असतो. दमट हवेची दुरुस्ती धक्क्यावरच्या जीएनएसएसमधूनच काढा. पावसाळी हवेत ती 30-40 सेंमीपर्यंत जाते.

जीएनएसएस बोया ही अडचण टाळतो, कारण तो थेट उपग्रहाच्या मार्गाखाली ठेवता येतो. जिऑइड लागत नाही, जमिनीच्या हालचालीचा प्रश्न फक्त संदर्भस्थानकापुरता उरतो. 1 हर्ट्झने नोंद घ्या, संदर्भस्थानक 20-30 किमीच्या आत ठेवा, फेरीच्या आधी आणि नंतर किमान तासभर नोंद चालू राहू द्या, आणि लाटा गाळायला 20-25 मिनिटांचा फिल्टर लावा. एका फेरीला 1-2 सेंमी अचूकता मिळते. फसगत होते ती अँटेनाच्या पाण्यावरच्या उंचीत. शांत हौदात ती मोजली तरी समुद्रात दोरीचा ताण बोया खाली ओढतो, खाऱ्या पाण्यात तो वर उचलला जातो, आठवड्याभरात बुडाला शेवाळ धरतं. दोरी सैल ठेवा, मधे छोटा तरंगक लावा, आणि समुद्रातच मापकाशेजारी बोया एक भरतीभर ठेवून उंची पुन्हा ताडा. प्रत्येक फेरीला बोट आणि माणसं लागतात, हा खर्च मापकापेक्षा कितीतरी जास्त.

तळावरचं मूरिंग म्हणजे दाबमापक, तापमान आणि क्षारता मोजणारी उपकरणं. टास्मानियाजवळच्या बास सामुद्रधुनीत ही पद्धत बोयासोबत वापरतात. वर्षभर सलग नोंद मिळते, बोट फक्त उतरवताना आणि काढताना लागते. पण मूरिंगला स्वतःची निरपेक्ष उंची नसते. काही फेऱ्यांना वर बोया ठेवून ती द्यावी लागते. म्हणून मूरिंग हा बोयाचा पर्याय नव्हे, बोयाच्या मोजक्या फेऱ्या वर्षभर पसरवण्याचं साधन आहे.

ट्रान्सपाँडर समुद्राला वगळतोच. उपग्रहाचा स्पंद घेऊन, वाढवून परत पाठवतो. क्रीटवर, गावदोस बेटाच्या केंद्राशी जोडलेला, असा एक आहे, आणि स्वालबार्डचा क्रायोसॅट-2 या बर्फ मोजणाऱ्या उपग्रहासाठी वापरला गेला. उपग्रह वरून जाताना अंतराचा परवलय तयार होतो. तो बसवला की अंतराचा बायस आणि वेळेच्या शिक्क्याची चूक, दोन्ही एकदम मिळतात. लाटांचा बायस नाही, भरती नाही, जिऑइड नाही. उलट बाजू अशी की तो फक्त अंतर तपासतो. लाटांवरून परतलेल्या प्रतिध्वनीचं रीट्रॅकिंग (त्याच्या आकारातून नेमकं अंतर काढणं) आणि समुद्रस्थितीची दुरुस्ती यांतली चूक त्याला कळत नाही, आणि बरीच चूक तिथेच असते. शिवाय यंत्रातल्या विद्युतविलंबाचं मोजमाप तापमानानुसार ठेवावं लागतं, मार्ग काही किलोमीटरच्या आतून जावा लागतो, आणि त्या जागेवरून जाताना अल्टिमीटर योग्य पद्धतीत चालावा म्हणून उपग्रह चालवणाऱ्या संस्थेशी आधी ठरवावं लागतं. एखाद्या विद्यापीठाच्या गटाने यापासून सुरुवात करू नये असं आमचं ठाम मत आहे.

सगळ्या पद्धतींत दोन चुका वारंवार सापडतात. पहिली, लंबवर्तुळाभ, म्हणजे उंची मोजायला आधार धरलेला पृथ्वीचा गणिती आकार. टोपेक्स-जेसन परंपरेतल्या डेटासंचांत उंची टोपेक्सच्या लंबवर्तुळाभावर दिलेली असते, जीएनएसएस मात्र डब्ल्यूजीएस-84 वर. फरक 70 सेंमी. बायस 70 च्या आसपास आला तर उपग्रहाला दोष देऊ नका. दुसरी, घन पृथ्वीची भरती (चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीचं वर-खाली होणं) आणि तिचा कायमस्वरूपी भाग धरायची पद्धत. एका बाजूला काढली आणि दुसऱ्या बाजूला ठेवली तर काही सेंमी सहज येतात, आणि अक्षांशानुसार बदलत असल्याने ते नैसर्गिक भासतात.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर नवं केंद्र उभारणाऱ्याने आधी मार्गाची फाइल उघडून चढता आणि उतरता मार्ग कुठे छेदतात ते बघावं. दोन्ही मार्ग एकाच मापकाला जोडता आले तर फेऱ्या दुप्पट. कोकण-गोव्यात खाडीच्या तोंडातला मापक टाळा. मांडवीसारख्या नदीत पावसाळ्याचं पाणी पातळी उचलतं, आणि ती उंची उघड्या समुद्रात नसते. लक्षद्वीपला भरती लहान आणि समुद्र जवळच खोल, पण लगूनच्या आत मापक असेल तर खडकावर फुटणाऱ्या लाटा आतलं पाणी चढवतात. मोठ्या लाटांच्या फेऱ्या वेगळ्या तपासा, किंवा वगळा.

पैसे मर्यादित असतील तर क्रम असा: खडकावर पक्का जीएनएसएस, मग रडार मापक आणि बेंचमार्कचं लेव्हलिंग, मग एकदा नीट केलेला जिऑइडचा बोट-सर्व्हे, आणि शेवटी बोया. बोयाच्या मोहिमा ऑक्टोबर ते मे दरम्यान ठेवा. तेवढ्या काळात एका मार्गाच्या साधारण 24 फेऱ्या येतात. वारा आणि लाटा बघून त्यातल्या 8-10 जरी साधल्या, तरी मापकाच्या साखळीत कुठे सेंटिमीटर लपला आहे ते त्यांतून कळतं.