सूड आणि मंत्रतंत्र: आधी गीस्लीची सागा वाचावी की ग्रेत्तिरची?

आइसलँडच्या मध्ययुगीन सागांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथांमधून, सूड आणि मंत्रतंत्र यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर तेराव्या शतकातील गीस्लीची सागा आधी वाचावी की त्यानंतरची ग्रेत्तिरची, हे ठरवावे लागते. दोन्ही नायक कायद्याने समाजाबाहेर टाकलेले, कोणीही मारले तरी दाद मागता न येणारे फरारी आहेत, आणि दोघांच्याही विनाशात मांत्रिकांचा हात आहे. माझा कौल गीस्लीला आहे.

गीस्लीच्या कथेत सूड घरातल्या घरात फिरतो. एका मोडक्या तलवारीपासून मांत्रिकाच्या मदतीने ग्रासीदा नावाचा भाला घडवला जातो. त्याने गीस्लीच्या पत्नीचा भाऊ वेस्टाइन मारला जातो, आणि त्याच भाल्याने गीस्ली आपल्या बहिणीच्या नवऱ्याला रात्री अंथरुणातच मारतो. मृताचा भाऊ बोर्क त्याच मांत्रिकाला नऊ वर्षांचा बैल देऊन करणी करवतो, की मारेकऱ्याला कोणी मनापासून मदत केली तरी ती फळू नये. पण या करणीत किनाऱ्याबाहेरील बेटांचा उल्लेख राहून जातो, म्हणून हेर्गिल्से बेटावर गीस्लीला काही काळ आसरा मिळतो. ज्या समाजात कायदा तोंडपाठ करून सभेत म्हटला जात असे, तिथे मंत्रातही न उच्चारलेल्या गोष्टीला बळ नसावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. गीस्लीने कवितेतून दिलेली खुनाची कबुलीही त्याची बहीण थोर्दीसच उलगडते. पुढे त्याला मारणाऱ्या एयोल्फवर तलवार चालवणारीही तीच.

ग्रेत्तिरच्या सागेचा पसारा मोठा आहे. ग्लाम या पिशाच्चाच्या शापाने त्या बलाढ्य माणसाला अंधाराची भीती जडते. अखेरीस थुरीद ही म्हातारी ओंडक्यावर रून अक्षरे कोरून, ती स्वतःच्या रक्ताने माखून तो समुद्रात सोडते, आणि ड्रांगे बेटावर तो फोडताना ग्रेत्तिरची कुऱ्हाड घसरून त्याच्याच पायात रुतते; मग जखमी ग्रेत्तिरला त्याचा शत्रू गाठून मारतो. इथे प्रश्न न्यायाचा होतो: जादूच्या आधाराने मिळवलेला विजय सभेला मान्य होत नाही, मारेकऱ्याला देश सोडावा लागतो आणि ग्रेत्तिरचा सावत्र भाऊ थॉर्स्टाइन थेट कॉन्स्टँटिनोपलमध्ये सूड उगवतो. कायद्याच्या अभ्यासकाने हीच सागा आधी घ्यावी. भुताखेतांची ओढ असणाऱ्यानेही. नात्यांतला पेच जाणून घ्यायचा असेल, तर लहान आणि घट्ट विणीची गीस्लीचीच सागा आधी वाचावी.