बुटाच्या सोलमधला फोम: ईव्हीए घ्यावा की पीयू?

बूट घेताना आपण वरचं कापड बघतो, खालची ग्रिप बघतो, पण गुडघ्याला झटका किती बसणार ते ठरतं मधल्या थरावर, म्हणजे मिडसोलवर. आणि साध्या बजेटमध्ये त्यात मुख्यतः दोनच फोम मिळतात, ईव्हीए (इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट) नाहीतर पीयू (पॉलीयुरेथेन).

ईव्हीए हलका, मऊ, स्वस्त. रोजचं चालणं, पळणं, जिम यासाठी मी डोळे झाकून हाच सांगेन. फक्त तो दबून बसतो, आतले हवेचे बारीक बुडबुडे चपटे होत जातात, त्यामुळे साधारण 500 ते 800 किमी पळून झालं की बूट वरून नवा दिसतो पण कुशनिंग गेलेलं असतं. सोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या दिसल्या की बदला, गुडघे दुखायची वाट बघू नका.

पीयू जड पण दणकट. पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चाललात तरी लवकर बसत नाही, म्हणून बरेच ट्रेकिंग बूट आणि सेफ्टी शूज यात येतात. पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत याचं मोठं दुखणं आहे आणि ते घेताना कोणी सांगत नाही. हवेतला ओलावा हळूहळू पीयू आतून तोडत राहतो, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि बूट न वापरता कपाटात ठेवला तरी ते थांबत नाही. मग काही वर्षांनी पावसाळ्यात बूट बाहेर काढायचा, गड चढायचा आणि उतरताना सोलचा भुगा होऊन तळ सुटतो, तेही ओल्या कातळावर! म्हणून पीयू घेताना बॉक्सवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष बघाच, सेलमधला जुना स्टॉक नको, आणि वापरून झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. जुना बूट असेल तर निघायच्या आधी घरीच सोल जोरात वाकवून, दाबून बघा, भेग दिसली तर तो बूट घालून जाऊ नका.

साध्या बजेटच्या वर गेलात तर आणखी दोन फोम दिसतात. आदिदासने 2013मध्ये आणलेला बूस्ट म्हणजे टीपीयूचे (पीयूच्याच कुळातलं लवचिक प्लास्टिक) फुगवलेले दाणे, टिकतो छान पण ईव्हीएपेक्षा जड. 2017पासून रेसच्या शूजमध्ये आलेला पीबा हा फोम सगळ्यात उसळी देणारा आणि महागही, रोजच्या चालण्यासाठी त्यात पैसे घालू नका.

एकच जोडी घ्यायची असेल आणि वर्षातून दोन-तीनच ट्रेक होत असतील तर ईव्हीए मिडसोलचे, चांगल्या ग्रिपचे ट्रेकिंग शूज घ्या. पीयू त्यांनी घ्यावा जे दर महिन्याला डोंगरात असतात.