ओपन ट्यूनिंगची गिटार आणि मिरजेचा सतारमेकर

गिटार कायमची ओपन ट्यूनिंगमध्ये, म्हणजे मोकळ्या तारा छेडताच सुसंवादी स्वरमेळ उमटेल अशा जुळणीत, ठेवायची असेल, तर सांगली परिसरातील वादकांनी ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील जाणत्या कारागिराकडून जुळवून घ्यावी, असे मी खात्रीने सांगेन. मात्र एकाच गिटारीवर कधी ओपन, तर कधी ई-ए-डी-जी-बी-ई हे नेहमीचे ट्यूनिंग वापरणाऱ्यांसाठी हे काम नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मी गेलो त्या दुकानातही मुख्य काम याच वाद्यांचे असून गिटार तेथे पाहुणी आहे.

मला ओपन डी, म्हणजे जाड तारेपासून डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी, हवे होते. डीला षड्ज मानले की हेच स्वर सा-प-सा-ग-प-सा असे होतात, त्यामुळे कारागिराला निराळे काही समजावून सांगावे लागले नाही. या ट्यूनिंगमध्ये (सर्वांत बारीक तार पहिली धरून) पहिली, दुसरी आणि सहावी तार पूर्ण स्वराने, तर तिसरी अर्ध्या स्वराने उतरते. पूर्ण स्वर उतरलेल्या तारेचा ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो, तारा सैल पडतात, दांडीचा बाक कमी होतो आणि खालच्या पडद्यांवर तार खरखरू लागते. त्यावर उपाय म्हणून सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असलेला संच काढून ०.०१३ चा जाड संच चढवण्यात आला. जाड तारा जुन्या खाचांत नीट बसत नाहीत, म्हणून नटच्या (दांडीच्या टोकाशी तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचाही बारीक कानशीने रुंद कराव्या लागल्या.

ते काम पाहण्यासारखे होते. तिसरी तार उतरवताना ती खाचेत अडकून राही आणि मग टक्‌ आवाज करून एकदम जास्तच खाली येई. कारागिराने खाच खोल न करता तिच्या कडा तेवढ्या घासल्या, आत पेन्सिलीचे शिसे भरले आणि खुंटी फिरवत तार सलग उतरते की नाही, हे कान लावून तपासले. खाच थोडी जरी खोल गेली असती, तरी मोकळी तार पहिल्या पडद्याला लागून खरखरली असती.

खरे कौतुक गंधाराचे. ट्यूनर (स्वर मोजणारे यंत्र) न वापरता कारागिराने गंधाराची तिसरी तार षड्जाच्या तारांशी मिळवली आणि आंदोलने, म्हणजे स्वर नेमके न जुळल्याने नादात येणारे हेलकावे, थांबेपर्यंत खाली आणली. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ट्यूनरच्या एफ शार्पपेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्यावर जो भरीव, स्थिर नाद निघाला, तो ट्यूनरवर जुळवलेल्या गिटारीतून मी कधी ऐकला नव्हता. स्लाइड (तारांवर सरकवायची नळी) किंवा आडवे बोट सहाही तारांवर ठेवले, तर हे नाते तसेच टिकते. मात्र तिसरी तार तिसऱ्या पडद्यावर दाबून शेजारच्या मोकळ्या पंचमाशी वाजवली, तर सेकंदाला जवळपास दोन आंदोलने ऐकू येतात, कारण पडदे ट्यूनरप्रमाणेच समान स्वरांतरांचे आहेत आणि तार मात्र शुद्ध गंधाराची आहे. हा दोष कारागिराचा नव्हे, तरी सुट्या तारांवर स्वरावली वाजवणाऱ्यांनी गंधार ट्यूनरनेच लावण्यास सांगावे.

भूप, यमन किंवा भजनाच्या साथीला ही गिटार शोभते. कोमल गंधाराच्या रागांत मोकळी तिसरी तार आड येते, आणि मालकंसात तर पंचमच वर्ज्य असल्याने या गिटारीचा उपयोग नाही. गायकानुसार पट्टी बदलायची तर कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) लावावा लागतो. आणि जाड संच तसाच ठेवून नेहमीचे ट्यूनिंग चढवले, तर दांडीवर आणि ब्रिजवर (तारांच्या घोडीवर) नेहमीपेक्षा जास्त ओढ येते. म्हणूनच दोन्ही ट्यूनिंग हवी असणाऱ्यांनी सरळ दुसरी गिटार घ्यावी.

तारांखेरीज मजुरी हजार रुपयांच्या आतच झाली, जी या कामाच्या मानाने कमी आहे. वेळेच्या बाबतीत मात्र दुकान विश्वासार्ह नाही. तंबोऱ्याचे काम आले की गिटार मागे पडते आणि फोन केला तरच खरी तारीख कळते. लेखी पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही. गिटारीच्या ट्रस रॉडला (दांडीचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईला) लागणारी चावी सतारीच्या अवजारांत नसते, तेव्हा ती घरूनच न्यावी.